खडीच्या वाफ्यातील वृक्ष

एखादे वाढते झाड एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लावावयाचे झाले, तर त्याच्या मुळांभोवतीची माती त्याच्यासोबत न्यावी, की ती झटकून टाकून मुळे उघडी करून न्यावी, हा प्रश्न वरवर पाहता माळीकामाच्या तपशिलाचा आहे. परंतु ज्या नगराला दरसाल शेकडो झाडे रस्त्याकडेला लावावयाची आहेत, ज्याच्या तिजोरीत त्या कामी फारशी तरतूद नाही, आणि ज्याच्या पदरी अवजड यंत्रे व निष्णात मजूर या दोहोंचीही वानवा आहे, त्या नगराचे सावलीविषयीचे सारे भवितव्य याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. अमेरिकेच्या मध्यभागातील मिसूरी, मिनेसोटा आणि त्यांच्या शेजारची काही राज्ये यांत गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नाला जे एक साधे, स्वस्त आणि बहुतांशी यशस्वी उत्तर सापडले, ते म्हणजे गावकीच्या मालकीचा खडीचा वाफा. त्याचा साकल्याने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रोपवाटिकेतून झाड विकत घेण्याच्या तेथे तीन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत मळ्यातील झाड मातीच्या हुंडीसह खणून काढतात आणि ती हुंडी गोणपाटात व तारेच्या जाळीत बांधून देतात. झाड भरदार दिसते, माती शाबूत असल्यामुळे घेणाऱ्याला भरवसा वाटतो. मात्र हुंडी कापणाऱ्या फाळाने झाडाच्या मुळांचा फार मोठा हिस्सा मळ्यातच तोडून ठेवलेला असतो. शिकागोनजीकच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये गॅरी वॉटसन यांनी मुळांच्या विस्ताराचा जो अभ्यास केला, त्यावरून खणून काढलेल्या झाडाच्या मुळांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मागेच राहू शकतो हे लक्षात आले. खोडाची जाडी अवघी दोन इंच असली तरी अशा हुंडीचे वजन शंभर-सव्वाशे किलोंच्या घरात जाते, म्हणजे झाड उचलण्यासाठी यंत्र आले आणि यंत्राबरोबर त्याचे भाडेही आले. दुसरी रीत कुंडीतल्या झाडाची. ते हलके असते, केव्हाही लावता येते. पण कुंडीच्या भिंतीला आपटून वळलेली मुळे वर्तुळाकार फिरत राहतात, आणि झाड जमिनीत गेल्यावरही ती जुनी वळणे सहसा सोडत नाहीत.

तिसरी रीत उघड्या मुळांची, आणि आपला विषय तीच आहे. शरद ऋतूत पाने गळून झाड सुप्तावस्थेत गेले की ते मळ्यातून उपटतात, माती झटकून टाकतात आणि सारा हिवाळा गोठणबिंदूच्या किंचित वर राखलेल्या, दमट हवेच्या शीतगृहात ते निजवून ठेवतात. मातीसह काढलेल्या झाडापेक्षा त्याच्या अंगावर मुळे अधिक राहतात, कारण मुळांची लांबी राखण्यासाठी मातीचे ओझे वाहावे लागत नाही. एक धडधाकट माणूस असे झाड खांद्यावर टाकून चालू शकतो, आणि त्याची किंमतही हुंडीच्या झाडाच्या निम्मी, क्वचित त्याहूनही कमी असते. या रीतीला दोष म्हणून एकच आहे, परंतु तो असा की त्याने बाकीचे सारे गुण झाकोळून टाकावेत. वसंतात बर्फ वितळून जमीन मोकळी होणे आणि झाडाच्या डोळ्यांतून पालवी फुटणे या दोहोंमध्ये उत्तरेकडील त्या प्रदेशात जेमतेम काही आठवड्यांचे अंतर असते. त्या मुदतीत झाड जमिनीत गेले तर गेले. पालवी फुटल्यावर उघडी मुळे पानांची तहान भागवू शकत नाहीत, आणि झाड उभ्या उभ्या सुकून जाते. नगराच्या उद्यान विभागाला नेमक्या त्याच आठवड्यांत हिवाळ्याने उखडलेले रस्ते आणि पडलेल्या फांद्या यांचेही काम असते. म्हणून पुष्कळ नगरांनी उघड्या मुळांच्या झाडांचा नाद सोडून, खर्च सोसून, मातीच्या हुंड्याच विकत घेणे पसंत केले.

हा खर्च सोसवेनासा होण्याचे कारण कीड आणि रोग. अमेरिकेतील मध्य-पश्चिमेच्या नगरांतून एकेकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्म वृक्षांच्या कमानी असत. डच एल्म रोग 1930च्या सुमारास त्या देशात शिरला, आणि 1970च्या दशकात मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडनगरांतील रस्ते त्याने अक्षरशः उजाड केले. रिकाम्या जागा भरण्यासाठी ठिकठिकाणी ॲश वृक्षाची निवड झाली, कारण तो लवकर वाढतो, थंडी सोसतो आणि वाईट मातीतही तगतो. एका जातीच्या सर्वनाशानंतर पुन्हा एकाच जातीवर भिस्त ठेवण्याची ही चूक मोठी होती, आणि तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली. पूर्व आशियातून आलेला, हिरव्या पाचूसारख्या पाठीचा एक भुंगेरा 2002 मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडातील अन्नरसाची वाट तोडतात, आणि काही वर्षांतच झाड वाळते. 2009 मध्ये तो सेंट पॉलमध्ये पोहोचला. ज्या राज्यात ॲश वृक्षांची संख्या सुमारे एक अब्ज सांगितली जाते, त्या मिनेसोटावर यामुळे केवढे संकट ओढवले, हे विस्ताराने सांगावयास नको. फ्रँक सांतामूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1990 मध्येच असा दंडक सुचविला होता की नगरातील वृक्षसंपदेत एका जातीचा वाटा दहा टक्क्यांहून, एका प्रजातीचा वीस टक्क्यांहून आणि एका कुलाचा तीस टक्क्यांहून अधिक असू नये. दंडक रास्त होता. पण तो पाळावयाचा तर दहा-पंधरा जातींची झाडे थोडी थोडी मिळावयास हवीत, आणि ती लहान गावाच्या ऐपतीत बसावयास हवीत. उघड्या मुळांच्या झाडांकडे पुन्हा लक्ष वळले ते या गरजेपोटी.

वाट मात्र आधीच मळलेली होती. मिसूरी विद्यापीठातील ख्रिस स्टारबक यांनी उघड्या मुळांची सुप्त झाडे वसंतात बारीक खडीत रोवून, त्या खडीला वारंवार पाणी देऊन, ती भर उन्हाळ्यात पानांसकट उपटून लावता येतात का, याचे प्रयोग केले, आणि ती पद्धत पुढे ‘मिसूरी खडी-वाफा’ या नावानेच प्रसिद्ध झाली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तांबडा ओक आणि हिरवा ॲश यांच्यावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. उन्हाळ्यातील स्थलांतर या रीतीने शक्य आहे, हे त्यांतून स्पष्ट झाले. मूळ हेतू उद्यानरचनेचा धंदा करणाऱ्यांना लागवडीचा हंगाम लांबवून देण्याचा होता. त्याच कल्पनेला मिनेसोटा विद्यापीठातील गॅरी जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकवस्तीचे रूप दिले: वाफा गावाचा, झाडे गावाची, कष्टही गावाचे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरे महत्त्वाचे पाऊल हेच. कारण व्यापाऱ्याला हंगाम लांबवून मिळाला तर त्याचा नफा वाढतो, पण नगराला तो लांबवून मिळाला तर लागवड कोणी करावयाची हाच प्रश्न बदलतो. एप्रिलमधील धांदलीचे काम सप्टेंबरमधील सुट्टीच्या दिवसाचे काम होते, आणि ज्या कामाला पगारी मजूर लागत, त्याला शाळेतील मुले आणि निवृत्त गृहस्थ पुरे पडतात.

खडीत झाडाचे नेमके काय होते, हे समजून घेतल्याविना या पद्धतीचा विचार पुरा होत नाही. मळ्यातून उपटताना तुटलेल्या जाड मुळाच्या टोकाशी नवी बारीक मुळे फुटण्याची प्रवृत्ती असतेच. तिला दोन गोष्टी हव्या असतात, ओल आणि हवा, आणि साध्या मातीत एक वाढविली की दुसरी कमी होते. चिकण माती पाणी धरून ठेवते पण मुळांचा श्वास कोंडते. वाटाण्याएवढ्या गोल खडीतून पाणी क्षणात निथळून जाते, खड्यांच्या अंगाला ओलाव्याचा पातळ थर तेवढा राहतो आणि मधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. म्हणून दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे पाणी देता येते आणि तरीही मुळे कुजत नाहीत. तीन महिन्यांत, काही जातींत त्याहूनही लवकर, जाड मुळांच्या टोकांवर तंतुमुळांचे दाट झुबके येतात. झाडाला पाणी शोषून देणारी खरी यंत्रणा हीच, आणि हुंडीच्या झाडात नेमकी हीच बहुतांशी मळ्यात राहून गेलेली असते.

वाफा बांधण्यास कसलीही कारागिरी लागत नाही. पाण्याचा नळ जवळ असलेली, निचऱ्याची, सपाट जागा पाहून तिच्यावर जाड फळ्यांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची चौकट उभी करतात. उंची सुमारे दीड फूट, जेणेकरून खडीचा थर एक ते दीड फुटाचा बसेल. तळाशी पाणी झिरपू देणारे कापड घालतात, म्हणजे खालची माती वर येत नाही आणि खडी जमिनीत रुतत नाही. खडी नदीकाठची, गोल, साधारण तीन अष्टमांश इंचाची हवी. तिच्यात दहावा हिस्सा वाळू मिसळली म्हणजे ओल थोडी अधिक टिकते. फोडलेल्या दगडाची धारदार खडी येथे कामाची नाही, कारण झाड उपटताना तिच्या कडांनी कोवळी मुळे सोलून निघतात. वरून ठिबकच्या नळ्या पसरतात आणि नळाला घड्याळी कळ लावतात. ही कळ म्हणजे या साऱ्या मांडणीतील सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत मोठी जोखीम. खडीत पाण्याचा साठा असा नसतोच; जुलैच्या उन्हात कळीची विद्युतघटी संपली, किंवा कोणी नळी ओढून तोडली, आणि दोन-तीन दिवस ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर शंभर झाडांची मुळे एकदम वाळतात. मातीतील झाड हलगर्जीपणा काही दिवस सोसते, खडीतील झाड तो मुळीच सोसत नाही. हळूहळू विरघळणारे थोडे खत आरंभी दिले की पोषणाची तजवीज होते. झाडे फुटा-दीड फुटाच्या अंतराने उभी करता येतात, त्यामुळे एखाद्या खोलीएवढ्या वाफ्यात कित्येक डझन झाडे मावतात. मात्र पाने आल्यावर वाऱ्याने ती कलंडू नयेत म्हणून तारेचा किंवा काठ्यांचा आधार देणे इष्ट.

सप्टेंबरमध्ये झाड काढावयाची वेळ येते तेव्हा या पद्धतीचे मर्म हाताला कळते. कुदळ लागत नाही. काटेरी फावड्याने बुंध्याजवळची खडी सैल करावयाची, एकाने खोड धरून हलके हेलकावे देत वर उचलावयाचे, आणि खडे खळाखळा गळून पडतात. वर येतो तो मुळांचा ओला, पांढुरक्या टोकांचा झुपका, ज्यात अडकलेले चार-दोन खडे बोटांनी सोडवावे लागतात. एकही मूळ तोडावे लागत नाही. यापुढचा अर्धा तास मात्र सर्वांत नाजूक असतो, कारण इतकी बारीक मुळे वाऱ्यावर पाहता पाहता वाळतात. म्हणून ती लगेच पाणी धरून ठेवणाऱ्या रासायनिक लगद्यात बुडवून किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, खड्ड्यापाशी नेतात. खड्डा उथळ आणि रुंद असावा, आणि ज्या ठिकाणी खोड रुंदावून मुळांत उतरते तो भाग जमिनीच्या पातळीवर राहावा.

या शेवटच्या सूचनेला फार महत्त्व आहे, आणि उघड्या मुळांचा जो लाभ सहसा कोणी हिशेबात धरत नाही, तो येथेच दडलेला आहे. हुंडीत किंवा कुंडीत खोडाचा तळ पुष्कळदा मातीखाली गाडला गेलेला असतो. लावणाऱ्याला तो दिसत नाही, झाड खोल जाते, आणि वर्षानुवर्षांनी एखादे आडवे मूळ खोडाभोवती फास आवळते. जॉन्सन आणि रिचर्ड हाउअर यांनी 2000 मध्ये या फासमुळांविषयी काम करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वादळात जमिनीलगत मोडून पडलेल्या झाडांची तपासणी करता अनेकांच्या खोडावर असा फास आढळतो. वीस वर्षे वाढविलेले झाड लावणीच्या दिवशीच्या चुकीने पडावे, याहून मोठी हानी नगराच्या दृष्टीने दुसरी नाही. खडीतून काढलेल्या झाडाचे प्रत्येक मूळ नजरेसमोर असते. वळलेले मूळ त्याच क्षणी छाटता येते, खोडाचा तळ कोठे आहे याविषयी वाद उरत नाही. शिवाय माती नसल्यामुळे मातीतून पसरणाऱ्या उपद्रवी गांडुळांचा आणि किडींचा प्रवासही थांबतो, आणि ज्या राज्यांत आशियाई उड्या मारणाऱ्या गांडुळांनी जंगलातील पालापाचोळ्याचा थर फस्त करण्याचा सपाटा लावला आहे, तेथे हा लाभ क्षुल्लक नव्हे.

उघड्या मुळांची झाडे खरोखर हुंडीच्या झाडांइतकी तगतात का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन केवळ उत्साहाने होत नाही. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथाका नगरात दोन्ही रीतींनी झाडे लावून त्यांची तुलना केली, आणि जात व हंगाम यांची निवड नीट केल्यास उघड्या मुळांची झाडे एकंदरीत मागे पडत नाहीत, असे त्यांना दिसून आले. त्या नगराने पुढे उघड्या मुळांच्या लागवडीवर मोठा भर दिला, हे माझ्या मते कोणत्याही कोष्टकाइतकेच बोलके आहे, कारण नगराचा उद्यान विभाग मेलेल्या झाडांचा जमाखर्च स्वतःच्या खिशातून भरत असतो.

तथापि ‘जात व हंगाम यांची निवड’ या अटीत पुष्कळ काही आले. एल्मचे रोगप्रतिकारक वाण, हनी लोकस्ट, क्रॅबॲपल, लिंडेन, स्वॅम्प व्हाइट ओक यांसारख्या जाती खडीत उत्साहाने मुळे धरतात. हॅकबेरी, काही ओक आणि बर्च यांचे डोळे मात्र शीतगृहाच्या निद्रेतून सहजी जागे होत नाहीत. त्यांना काही दिवस उबदार, दमट जागी झाकून ठेवून घाम आणावा लागतो, मग ते उघडतात. हिकरीसारख्या, एकच जाड सोटमूळ खोल धाडणाऱ्या झाडांचा या पद्धतीशी फारसा मेळ बसत नाही, आणि सदाहरित सूचिपर्णी वृक्षांबाबत अनुभव संमिश्र आहे. झाड खोडाने दोन इंचांहून जाड असेल तर वाफ्याचा आग्रह न धरणेच शहाणपणाचे. हिवाळ्यापूर्वी वाफा रिकामा करणे हाही नियम अटळ मानला पाहिजे; झाडाची फांदी जी थंडी सोसते ती त्याचे मूळ सोसू शकत नाही, आणि जमिनीच्या वर उभारलेल्या खडीच्या चौकटीत शिरणारी थंडी जमिनीतल्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. ‘उरलेली झाडे पुढच्या वसंतात लावू’ असे म्हणणारी समिती त्या झाडांना वस्तुतः मूठमाती देत असते.

महाराष्ट्रातील वाचकाला उघड्या मुळांची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. भाताचा तरवा आणि मिरची-वांग्याचे तरू आपण उघड्या मुळांनीच लावतो. आणि वृक्षांत सागाची जडी हे तर या तत्त्वाचे परमावधीचे उदाहरण, कारण तीत बोटाएवढ्या जाडीच्या रोपाचे खोड दोन-चार सेंटीमीटर ठेवून छाटतात, सोटमूळ वीतभर राखतात, बाजूची मुळे काढून टाकतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी पहारीने केलेल्या भोकात ती ठोकून बसवितात. सागाच्या लागवडीत ही रीत दीर्घकाळ यशस्वी ठरली आहे. परंतु तिचा आणि खडीच्या वाफ्याचाही आधार एकच, तो म्हणजे झाडाची सुप्तावस्था. साग, पळस, सावर ही पानझडीची झाडे त्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहेत, पण आंबा, वड, करंज यांना मिनेसोटातील ओकासारखी दीर्घ, निष्पर्ण शीतनिद्रा नसते, तेव्हा तेथील नमुना येथे जसाच्या तसा उतरविणे अविचाराचे होईल. त्या वाफ्यापासून आपल्या रोपवाटिकांनी तूर्तास घ्यावयाचा धडा निराळा आहे, आणि तो पॉलिथिनच्या पिशवीविषयीचा आहे. दोन-दोन पावसाळे पिशवीत अडकून पडलेल्या रोपाची मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली असतात. तरीही खड्ड्यात उतरविण्यापूर्वी पिशवी फाडून मुळे पाहण्याची, वेटोळे कापण्याची आणि खोडाचा तळ शोधण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, काही वेळा तर पिशवीच पुरती काढली जात नाही. लागवडीच्या आकड्यांत अशी रोपे जमा होतात. सावलीच्या हिशेबात ती कधीच येत नाहीत.

अमेरिकेतील अनुभवाकडे परत वळून अखेरचा अभिप्राय द्यावयाचा, तर तो असा. खडीचा वाफा झाडाची किंमत निम्म्यावर आणतो, लागवडीची मुदत काही आठवड्यांवरून कित्येक महिन्यांपर्यंत नेतो, जातींचे वैविध्य लहान गावाच्या आवाक्यात आणतो, आणि मुळे डोळ्यांनी पाहून झाड लावण्याची संधी देतो. या चारही गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत. जे सिद्ध व्हावयाचे असते ते प्रत्येक गावापुरते निराळे असते: जुलै-ऑगस्टमध्ये रोज वाफ्यावर जाऊन ओल तपासणारा इसम कोण, तो रजेवर गेला तर त्याचा बदली कोण, आणि लावलेल्या झाडांना पहिली दोन-तीन वर्षे पाणी घालण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिली आहे. ज्या गावाने या तीन नावांची नोंद खडीची गाडी मागविण्यापूर्वी आपल्या दप्तरात केली असेल, त्याने पुढच्या एप्रिलला वाफा अवश्य बांधावा. ज्याने केली नसेल, त्याने ते वर्ष नावे शोधण्यात घालवावे.